लू माँटुली यांची कारकीर्द आणि कुकीच्या दोषाचा प्रश्न

संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे, की वेब ब्राउझर घडवणाऱ्या पहिल्या पिढीतील प्रोग्रामर लू माँटुली यांनी नेमके कोणते काम केले, आणि आज कुकीच्या, म्हणजे संकेतस्थळाने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीच्या, आधारे माणसांवर जी पाळत ठेवली जाते तिचा दोष त्यांच्याकडे जातो का. तिच्या पाठ्यपुस्तकात कुकीवर दीड पान आहे, पण ती कोणी व कोणत्या अडचणीतून निर्माण केली, याचा उल्लेख नाही. मी सत्तावीस वर्षे वेबसाठी प्रोग्राम लिहीत आलो आहे आणि माँटुली यांच्या निर्णयांचे परिणाम माझ्या रोजच्या कामात मला भेटतात. त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

माँटुली यांच्या नावावर दोन मोठी कामे आहेत. पहिले म्हणजे ‘लिंक्स’ हा केवळ अक्षरे दाखवणारा ब्राउझर, आणि दुसरे म्हणजे नेटस्केप या ब्राउझर कंपनीत असताना त्यांनी घडवलेली कुकी. वरवर पाहता या दोहोंचा एकमेकांशी संबंध दिसत नाही. पण एचटीटीपीच्या, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या पद्धतीने एकमेकांशी बोलतात तिच्या, परिभाषेत ब्राउझरला ‘युजर एजंट’ म्हणतात, आणि आपल्याकडच्या कचेरीच्या भाषेत त्याला मी वापरणाऱ्याचा मुखत्यार म्हणेन. मुखत्याराने आपल्या अशिलाच्या वतीने काय मागावे, काय स्वीकारावे आणि काय लक्षात ठेवावे, हा प्रश्न माँटुली यांच्या सगळ्या कामात पुन्हा पुन्हा येतो. त्यांची कारकीर्द मी याच प्रश्नावरून समजून घेतो.

सुरुवात अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात होते. हे विद्यापीठ लॉरेन्स या गावी आहे. १९९२ मध्ये तिथल्या संगणक विभागात मायकेल ग्रोब, चार्ल्स रेझॅक आणि विद्यार्थी असलेले लू माँटुली या तिघांनी विद्यापीठाची माहिती विद्यापीठभर पोहोचवण्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. त्या काळी विद्यापीठांत सर्वांच्या टेबलावर चित्रे दाखवणारे संगणक नव्हते. मोठ्या यंत्राला जोडलेले टर्मिनल असे, आणि त्याच्या पडद्यावर ऐंशी अक्षरांच्या चोवीस ओळी मावत. डिजिटल कंपनीचे व्हीटी-१०० हे त्या प्रकारचे सर्वांत परिचित टर्मिनल. या चोवीस ओळींत माहितीचे दुवे दाखवायचे आणि वाचणाऱ्याला एका दुव्यावरून दुसऱ्यावर सहज जाऊ द्यायचे, असे ते काम होते. इंग्रजीत दुव्यांना जो शब्द आहे त्याच्याशी उच्चार जुळणारे एका रानमांजराचे नाव त्यांनी प्रोग्रामला दिले.

लिंक्स मुळात वेबसाठी लिहिलेला नव्हता. त्याचा स्वतःचा दुव्यांचा मजकूर होता, आणि त्या काळी गाजत असलेल्या गोफर या व्यवस्थेशीही तो बोलत असे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस सर्न या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला होता, पण तो नेक्स्ट या दुर्मीळ संगणकावरच चाले. साध्या टर्मिनलसाठी निकोला पेलो यांनी जो ब्राउझर लिहिला, त्यात प्रत्येक दुव्याला क्रमांक असे आणि तो क्रमांक टंकून पुढे जावे लागे. माँटुली यांनी सर्नची कोड लायब्ररी घेऊन लिंक्सला वेबशी जोडले आणि मार्च १९९३ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध केली. फरक लहान वाटतो, पण तो हाताला लगेच जाणवतो. लिंक्समध्ये पूर्ण पडदा एक पान असतो. खालच्या बाणाने पुढचा दुवा उजळतो, उजव्या बाणाने त्यात शिरता येते आणि डाव्या बाणाने मागे येता येते. चार बाणांत वेब फिरता येणे, ही कल्पना ज्याला सुचली त्याला टर्मिनलपुढे बसलेला माणूस नीट माहीत होता.

हा इतिहास मला परका वाटत नाही, त्याचे कारणही सांगतो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा विद्यार्थ्यांना परवडणारे खाते ‘शेल खाते’ होते. चित्रांसह वेब दाखवणारे टीसीपी-आयपी खाते त्याच्या कित्येक पट महाग होते. शेल खात्यात दूरध्वनीवरून मोडेमने निगमच्या युनिक्स यंत्राला जोडून घ्यायचे आणि समोर अक्षरांचा पडदा यायचा. पुण्यात मित्राच्या घरी रात्री अकरानंतर, घरातला दूरध्वनी मोकळा झाल्यावर, मी पहिल्यांदा वेब पाहिले ते याच पडद्यावर, लिंक्समधून. चित्राच्या जागी चौकटी कंसात ‘इमेज’ एवढाच शब्द दिसे, पण मजकूर सगळा मिळे, आणि मोडेमच्या त्या वेगात तो चित्रांच्या पानापेक्षा कितीतरी लवकर मिळे. मुंबई-पुण्यातल्या माझ्या वयाच्या अनेकांचा वेबशी पहिला परिचय असाच झाला. मराठी मजकूर मात्र त्यात वाचता येत नसे, कारण तेव्हाची मराठी पाने स्वतंत्र फॉन्टांच्या खासगी सांकेतिक मांडणीत असत आणि लिंक्समध्ये त्यांच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक माळ उमटे.

लिंक्स आजही चालू आहे. माँटुली यांनी सोडल्यावर इतरांनी तो सांभाळला, आणि अजूनही ज्याची देखभाल होते असा तो सर्वांत जुना वेब ब्राउझर आहे. ब्रेल पट्टीवर किंवा वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेवर काम करणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तींना त्याचा दीर्घकाळ उपयोग झाला आहे. मी स्वतः नवे संकेतस्थळ ग्राहकाला देण्यापूर्वी त्याचे प्रत्येक महत्त्वाचे पान लिंक्समध्ये उघडतो. चित्रांना पर्यायी मजकूर दिला नसेल, शीर्षकांचा क्रम चुकला असेल किंवा सगळा मजकूर जावास्क्रिप्ट (पानाबरोबर येऊन ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्राम) आल्याशिवाय दिसतच नसेल, तर ते तिथे लपत नाही.

कॅन्ससमध्ये असतानाच त्यांनी आणखी एक काम केले. ते क्वचितच सांगितले जाते. ज्या संस्थांचे संगणक सुरक्षेच्या भिंतीआड असत, त्यांना वेबपर्यंत पोहोचता यावे म्हणून मधल्या सर्व्हरची, म्हणजे प्रॉक्सीची, पद्धत ठरवणाऱ्यांत केव्हिन आल्टिस आणि आरी लुओटोनेन यांच्याबरोबर माँटुली होते. मे १९९४ मध्ये जिनिव्हात वेबची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा वेबच्या सन्मानयादीत ज्या सहा जणांची नावे जाहीर झाली त्यांत बर्नर्स-ली, मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांच्यासोबत माँटुली यांचेही नाव होते. तेव्हा ते विशीत होते.

त्याआधीच एप्रिल १९९४ मध्ये जिम क्लार्क आणि मार्क अँड्रीसन यांनी कॅलिफोर्नियात एक कंपनी स्थापन केली होती. तिचे पहिले नाव मोझेइक कम्युनिकेशन्स; त्याच वर्षाच्या अखेरीस ते बदलून नेटस्केप झाले. इलिनॉय विद्यापीठात मोझेइक हा चित्रांचा ब्राउझर लिहिणारी मंडळी तिथे गेली, आणि त्यांच्या पहिल्या तुकडीत कॅन्ससहून आलेले माँटुली होते. सगळा ब्राउझर कोऱ्या पानापासून पुन्हा लिहायचा होता, आणि त्यातला सर्व्हरशी बोलणारा भाग प्रामुख्याने माँटुली यांच्याकडे आला. जुना मोझेइक सगळी चित्रे येईपर्यंत पान दाखवत नसे. नेटस्केपने मजकूर येईल तसा दाखवायला सुरुवात केली, चित्रे मागाहून आपापल्या जागी भरली, आणि एकाच वेळी सर्व्हरशी अनेक जोडण्या उघडल्या. १४.४ किलोबिटच्या मोडेमवर बसलेला माणूस हा त्यांनी डोळ्यांसमोर ठेवलेला ग्राहक होता. १३ ऑक्टोबर १९९४ रोजी ब्राउझरची ०.९ ही चाचणी आवृत्ती लोकांसाठी खुली झाली आणि डिसेंबरमध्ये पहिली पूर्ण आवृत्ती आली. त्या चाचणी आवृत्तीतच कुकी होती.

आता कुकीकडे सविस्तर वळतो, कारण विद्यार्थिनीच्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे.

एचटीटीपी ही पद्धत मुळात विसराळू आहे. ब्राउझर एक पान मागतो, सर्व्हर ते देतो आणि व्यवहार संपतो. पुढच्याच क्षणी त्याच माणसाने दुसरे पान मागितले, तरी सर्व्हरच्या लेखी तो अनोळखी असतो. दस्तऐवज वाचण्यापुरते हे उत्तम आहे, कारण सर्व्हरला कोणाचीही नोंद ठेवावी लागत नाही आणि एक यंत्र हजारो वाचकांना पुरते. पण दुकान चालवायचे तर अडचण येते. गिऱ्हाइकाने एक वस्तू टोपलीत टाकली आणि तो दुसऱ्या फडताळाकडे गेला, की दुकानदाराला ना गिऱ्हाईक आठवते ना टोपली. १९९४ च्या उन्हाळ्यात एमसीआय या दूरध्वनी कंपनीसाठी नेटस्केप ऑनलाइन खरेदीची व्यवस्था करत होते, आणि एमसीआयच्या बाजूने चर्चेत व्हिंट सर्फ आणि जॉन क्लेन्सिन हे नामवंत तज्ज्ञ होते. अर्धवट राहिलेल्या व्यवहारांची नोंद आपल्या सर्व्हरवर साठवावी लागू नये, ती गिऱ्हाइकाच्या संगणकावर राहावी, अशी त्यांची मागणी होती.

या मागणीला उत्तरे अनेक होती. सर्वांत सोपे उत्तर म्हणजे प्रत्येक ब्राउझरला कायमचा एक अनन्य क्रमांक देणे आणि तो प्रत्येक संकेतस्थळाला दाखवणे. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हे दहा मिनिटांचे काम होते. माँटुली यांनी ते नाकारले, आणि का नाकारले तेही त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. असा क्रमांक असता तर कोणतीही दोन संकेतस्थळे आपापल्या नोंदी जुळवून एकाच माणसाचा माग काढू शकली असती. कुकीच्या कर्त्यावर आज जो आरोप होतो, तोच धोका त्याला पहिल्या दिवशी दिसला होता, आणि त्याने सोपा मार्ग त्या कारणाने सोडला होता. म्हणून त्यांच्याविषयी बोलताना मी ही गोष्ट आधी सांगतो.

त्याऐवजी त्यांनी जे केले ते असे. सर्व्हर आपल्या उत्तराच्या शीर्षभागात ‘सेट-कुकी’ अशी एक ओळ पाठवतो. तीत एक नाव आणि एक मूल्य असते, आणि हवे असल्यास मुदत, मार्ग, डोमेन (संकेतस्थळाच्या पत्त्यातले नाव) व ‘केवळ सुरक्षित जोडणीवर’ अशी अट असते. ब्राउझर ती चिठ्ठी जपून ठेवतो आणि त्याच डोमेनला पुन्हा काही मागताना ती परत दाखवतो. दुसऱ्या कोणालाही ती दाखवत नाही. चप्पल-छत्री ठेवायला दिल्यावर देवळाबाहेर जो बिल्ला मिळतो, तशी ही चिठ्ठी आहे. ज्याने दिली त्यालाच तिचा अर्थ कळतो आणि त्यालाच ती परत दाखवायची असते. युनिक्सच्या जगात अशा अपारदर्शक खुणेला पूर्वीपासून ‘मॅजिक कुकी’ म्हणत, त्यावरून हे नाव आले. मूळ तपशीलपत्र माँटुली यांनी सहकारी जॉन जियानांड्रिया यांच्यासह लिहिले. ते काही पानांचेच होते. त्यात प्रत्येक कुकी चार किलोबाइटपर्यंत, एका डोमेनच्या वीस आणि एकूण तीनशे कुकी ब्राउझरने सांभाळाव्यात असे किमान प्रमाण दिले होते. १९९५ मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला आणि १९९८ मध्ये ते मंजूर झाले.

त्या तपशीलपत्रातला डोमेनचा नियम आपल्या वाचकांनी जरूर पाहावा. एखाद्या सर्व्हरने संपूर्ण ‘.कॉम’साठी कुकी ठेवली तर ती जगभरच्या सर्व ‘.कॉम’ स्थळांना जाईल, म्हणून डोमेनच्या नावात, सुरुवातीचे टिंब धरून, किमान दोन टिंबे असावीत असे ठरले. पण ही सवलत ‘.कॉम’, ‘.एज्यु’, ‘.गव्ह’ अशा सात नावांपुरती होती, आणि बाकी सर्वांसाठी किमान तीन टिंबांची अट होती. अमेरिकेबाहेरच्या नावांची रचना कशी असते याचा तो एक ढोबळ अंदाज होता. ‘.को.इन’ला तो लागू पडला. पुढे २००५ पासून भारतात थेट ‘.इन’ची नावे मोकळेपणाने मिळू लागली, आणि नियमाच्या अक्षरानुसार चालायचे तर दोन टिंबांच्या त्या डोमेनांना तो अडवणारा होता. टिंबे मोजून हा प्रश्न सुटणारा नव्हता. आज ब्राउझर एक सार्वजनिक यादी बाळगतात. तीत ‘को.इन’, ‘गव्ह.इन’, ‘एसी.इन’ ही नावे आहेत, आणि त्यामुळेच एका सरकारी खात्याच्या संकेतस्थळाला सगळ्या ‘गव्ह.इन’साठी कुकी ठेवता येत नाही.

चिठ्ठीत किती लिहावे, याचा धडा मला स्वतःला महागात पडून मिळाला. फार वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका पुस्तकविक्रेत्यासाठी मी ऑनलाइन दुकान लिहिले आणि टोपलीतील सर्व पुस्तकांची नावे, किमती, लेखकांची नावे थेट कुकीतच साठवली. सर्व्हरवर नोंद ठेवण्याचे श्रम वाचले, असे तेव्हा वाटले. दिवाळी अंकांच्या दिवसांत लोक वीस-पंचवीस अंक एकदम टोपलीत टाकू लागले, आणि नेमक्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांना पानाऐवजी त्रुटीचा संदेश दिसू लागला. देवनागरीचे प्रत्येक अक्षर युटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते, आणि कुकीत ठेवण्यासाठी ते टक्केचिन्हांत लिहिले की त्याचेच नऊ बाइट होतात. त्यामुळे मराठी शीर्षकांनी ती जागा इंग्रजीच्या नऊपट वेगाने भरली. शिवाय पानावरच्या प्रत्येक चित्राच्या मागणीबरोबर हे सगळे ओझे वर जात होते. दोष माझा होता. कुकीत केवळ एक खूणक्रमांक ठेवायचा आणि बाकी नोंद सर्व्हरवर ठेवायची, ही शिस्त मी त्या आठवड्यात शिकलो. चार किलोबाइटची मर्यादा मला तोवर कंजूसपणाची वाटत होती. चिठ्ठी चिठ्ठीएवढीच राहावी यासाठी ती होती.

नेटस्केपमधल्या त्यांच्या इतर कामांपैकी ‘ब्लिंक’ची, म्हणजे मजकूर उघडझाप करवणाऱ्या एचटीएमएलमधल्या खुणेची, कथा फार सांगितली जाते. ती त्यांनीच सांगितली आहे, म्हणून येथे नोंदवतो. लिंक्ससारख्या अक्षरी पडद्यावर नव्या सजावटींपैकी फार तर मजकुराची उघडझाप जमेल, असे ते एका संध्याकाळी सहकाऱ्यांशी बोलताना म्हणाले, आणि सकाळी कचेरीत येतात तो एका सहकाऱ्याने ती लिहून टाकलेली होती. कोड त्यांचा नव्हता. २०१३ मध्ये फायरफॉक्सनेही ही खूण काढून टाकली.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो त्यांचा मासोळ्यांचा कॅमेरा. १९९४ मध्ये त्यांनी कचेरीतल्या काचेच्या टाकीवर कॅमेरा रोखला आणि त्याचे चित्र वेबवर ठेवले. जगातल्या पहिल्या काही थेट वेब कॅमेऱ्यांपैकी तो एक. नेटस्केपमध्ये तीन कळा एकत्र दाबल्या की थेट ती टाकी उघडे. त्याच सुमारास नेटस्केपने सर्व्हरकडून एकामागून एक चित्रे त्याच जोडणीवर ढकलण्याची पद्धत आणली, आणि माँटुली त्या कामातले एक प्रमुख होते. ब्राउझरने पुन्हा मागणी न करता पान बदलत राहण्याची ती सुरुवात होती. सोसायटीच्या फाटकावर बसवलेल्या कित्येक आयपी कॅमेऱ्यांचे थेट चित्र आजही ब्राउझरमध्ये याच पद्धतीने येते. दोन वर्षांपूर्वी अशा एका कॅमेऱ्याचे उत्तर तपासताना त्याच्या शीर्षभागात नेटस्केपच्या काळातला तोच प्रकार लिहिलेला मला दिसला. मी तो बराच वेळ पाहत राहिलो.

आता दोषाचा प्रश्न. कुकी ज्या डोमेनची असेल त्यालाच परत जाते, हा नियम कधीच मोडला गेला नाही. पण एका पानावर अनेक डोमेनांची चित्रे असू शकतात, आणि प्रत्येक चित्र मागताना ब्राउझर त्या त्या डोमेनशी स्वतंत्र व्यवहार करतो. १९९६ च्या सुमारास डबलक्लिकसारख्या जाहिरात कंपन्यांनी याचा उपयोग सुरू केला. समजा वृत्तपत्राच्या पानावरची जाहिरात जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून आली आणि तिच्याबरोबर त्या कंपनीची कुकी आली. पुढे तुम्ही औषधांच्या माहितीचे स्थळ उघडले आणि तिथेही त्याच कंपनीची जाहिरात असली, तर ब्राउझर इमानाने तीच चिठ्ठी दाखवतो, आणि कंपनीला दोन्ही भेटी एकाच माणसाच्या आहेत हे कळते. जो कायमचा क्रमांक माँटुली यांनी दाराबाहेर ठेवला होता, तो चित्राच्या खिडकीतून आत आला.

फेब्रुवारी १९९६ मध्ये वृत्तपत्रांतून हा विषय लोकांपुढे आला आणि अमेरिकेच्या व्यापार आयोगापुढे सुनावण्या झाल्या. दरम्यान इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या मंडळात बेल लॅब्जचे डेव्हिड क्रिस्टल आणि माँटुली यांनी मिळून कुकीचे अधिकृत मानक लिहिले. फेब्रुवारी १९९७ मध्ये ते आरएफसी २१०९ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. त्यात तिऱ्हाइताच्या, म्हणजे उघडलेल्या स्थळाखेरीज दुसऱ्या डोमेनच्या, कुकी मुळातच बंद असाव्यात, वापरणाऱ्याने मुद्दाम चालू केल्यासच स्वीकाराव्यात, असे म्हटले होते. म्हणजे ज्या कागदावर माँटुली यांचे लेखक म्हणून नाव आहे त्यात योग्य उत्तर लिहिलेले आहे. पण त्यांच्या स्वतःच्या कंपनीच्या ब्राउझरने ते पाळले नाही, आणि मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरनेही पाळले नाही.

नेटस्केपमध्ये हा निर्णय ज्यांच्या हातात होता त्यांत माँटुली प्रमुख होते, आणि त्यांनी आपली कारणे नंतर उघडपणे मांडली आहेत. तिऱ्हाइताची कुकी बंद केली तर जाहिरातदार दुसरी एखादी छुपी युक्ती शोधतील. कुकी निदान दिसते, पुसता येते आणि नाकारता येते, तर ती युक्ती वापरणाऱ्याला दिसणारही नाही. शिवाय वेबवरची बरीचशी फुकट सामग्री जाहिरातींवर उभी होती. म्हणून कुकी राहू द्यावी आणि नियंत्रण वापरणाऱ्याला द्यावे, असे त्यांनी ठरवले. त्यानुसार नेटस्केपच्या तिसऱ्या आवृत्तीत कुकी स्वीकारण्यापूर्वी सूचना देण्याची सोय आली आणि चौथीत मूळ सर्व्हरलाच परत जाणाऱ्या कुकी स्वीकारण्याचा पर्याय आला.

यातला पहिला तर्क खरा ठरला, हे मी अनुभवाने सांगू शकतो. संगणकातले फॉन्ट, पडद्याचे मोजमाप, चित्र रेखाटण्यातले बारीक फरक यांवरून ब्राउझर ओळखण्याचे प्रकार आज सर्रास चालतात, आणि ते पुसण्यासाठी वापरणाऱ्याच्या हाती कोणतेही बटण नाही. दुसरा भाग मात्र मला पटत नाही. पर्याय दिला, पण तो मुळात बंद ठेवला. पर्यायांच्या पानात खोल दडलेली खूण शंभरांतले किती लोक बदलतात, हे ज्याने कधी सॉफ्टवेअर विकले आहे त्याला विचारावे लागत नाही. मुखत्याराने अशिलाला कागद दाखवण्याची तयारी ठेवली, पण अशिलाने मागितल्याशिवाय दाखवायचा नाही असे ठरवले. ऑगस्ट १९९५ मध्ये नेटस्केपचे समभाग बाजारात आल्यापासून ज्या वेगाने व पैशाच्या ज्या दडपणाखाली ती कंपनी चालत होती ते लक्षात घेतले, तरी हा निर्णय मी चुकीचाच मानतो. तो सुधारायला पुढे दोन दशकांहून अधिक काळ लागला. सफारीने मार्च २०२० मध्ये तिऱ्हाइताच्या सर्व कुकी मुळातच बंद केल्या, आणि फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक स्थळाची कुकी वेगळ्या बरणीत ठेवायला सुरुवात केली. क्रोमने २०२० मध्ये तसे जाहीर केले, तारखा पुढे ढकलल्या आणि जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडला.

म्हणून विद्यार्थिनीला माझे उत्तर असे आहे, की कुकीच्या रचनेचा दोष माँटुली यांच्याकडे जात नाही. उलट, त्या काळी सहज स्वीकारला गेला असता असा अधिक घातक पर्याय त्यांनी टाळला. १९९६-९७ च्या निर्णयातला वाटा मात्र त्यांचा आहे. त्यांनी तो नाकारलेला नाही आणि त्यामागची कारणे नावानिशी लिहून ठेवली आहेत. पाळत ठेवण्याचा धंदा ज्यांनी उभारला त्यांची जबाबदारी त्यांच्याकडेच राहते. एखादी सोय आपल्या हातून बाहेर पडल्यावर तिचे काय झाले, याचा हिशेब देणारे प्रोग्रामर मी फार थोडे पाहिले आहेत, आणि म्हणून माँटुली यांच्याविषयी मला आदर वाटतो.

पुढची कारकीर्द थोडक्यात सांगता येते. वेबच्या मानकमंडळात एचटीएमएल ३.२ च्या, म्हणजे वेबची पाने ज्या भाषेत लिहितात तिच्या एका आवृत्तीच्या, लेखनात त्यांचा सहभाग होता. नेटस्केप एओएल या इंटरनेट कंपनीकडे गेल्याच्या काळात ते एपिनियन्स या ग्राहकांची मते एकत्र करणाऱ्या कंपनीच्या संस्थापक अभियंत्यांत होते. २००२ मध्ये एमआयटीच्या तंत्रज्ञान नियतकालिकाने पस्तिशीच्या आतील शंभर नवनिर्मात्यांत त्यांची निवड केली. त्यांनी स्थापन केलेली मेमरी मॅट्रिक्स ही कंपनी छायाचित्रे छापून देणाऱ्या शटरफ्लायने २००५ मध्ये घेतली. नंतर माहितीच्या प्रती सुरक्षित ठेवणारी झेटा आणि खासगी विमानसेवांसाठी सॉफ्टवेअर करणारी जेटइनसाइट या कंपन्यांच्या उभारणीत ते होते. यांपैकी कशालाही लिंक्स किंवा कुकीएवढे नाव मिळाले नाही. पण इतक्या वर्षांनीही स्वतः नवे काम उभे करत राहणे, हे मी त्या कारकिर्दीचे वैशिष्ट्य मानतो.

हे सगळे वाचून झाल्यावर या विद्यार्थिनीने एक प्रयोग करावा. उबुंटू या संगणकप्रणालीवर ‘लिंक्स’ एका आज्ञेत बसतो. मूळ मांडणी न बदलता तो उघडावा, ‘जी’ ही कळ दाबून एखाद्या मोठ्या बातमीस्थळाचा पत्ता द्यावा आणि पडद्याच्या तळाच्या ओळीकडे लक्ष ठेवावे. कुकी आली की लिंक्स थांबतो, डोमेनचे नाव, कुकीचे नाव व मूल्य दाखवतो आणि स्वीकारू का, नाकारू का, नेहमी स्वीकारू का, कधीच नको का, असे विचारतो. ही सोय माँटुली यांच्यानंतर लिंक्स सांभाळणाऱ्यांनी घातली. त्यानंतर तेच पान नेहमीच्या ब्राउझरमध्ये, सगळी संरक्षणे बंद करून उघडावे आणि विकासकांसाठीच्या खिडकीत कुकींची यादी पाहावी. लिंक्स चित्रे आपणहून आणत नाही आणि जावास्क्रिप्ट चालवत नाही, त्यामुळे तिऱ्हाइताच्या सर्व्हरकडे तो मागणीच पाठवत नाही. त्याच्या तळाच्या ओळीत जेवढी नावे येतील तेवढी त्या स्थळाची स्वतःची. दुसऱ्या यादीत त्यांखेरीज जी डोमेने दिसतील ती एकेक करून वहीत लिहून काढावीत, आणि प्रत्येकासमोर ते कोणाचे आहे हे शोधून लिहावे.